वेळापत्रक आणि माणूस

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण करणाऱ्याने दोन्ही कामे एकाच दावणीला बांधली; परंतु आमच्या मते त्यांत एक मोठा भेद आहे. लग्न ठरल्या दिवशी लागते. मांडव अपुरा असो, जिलबी कमी पडो, वरबाप रुसो, मुहूर्ताला अक्षता पडतातच. घर मात्र ठरल्या दिवशी पुरे झाल्याचे आम्ही तरी पाहिलेले नाही. दोन्हींकडे माणसे तीच, पैसा तोच, हौसही तीच. मग एक काम वेळेवर का होते आणि दुसरे का रखडते? वरवर पाहता हा प्रश्न करमणुकीचा वाटेल. परंतु त्यात आपल्या बारामती-इंदापूरच्या पाण्याचे, उसाचे आणि पर्यायाने पोटाचे कोडे दडलेले आहे, म्हणून आज तोच उलगडून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम घरचे उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी एका लहानशा वाचनालयाच्या इमारत समितीवर आमची नेमणूक झाली. एक सभागृह, दोन खोल्या आणि एक जिना एवढेच काम. आठ महिन्यांत इमारत उभी राहील असा आराखडा झाला, तो सर्वांनी मान्य केला, आणि इमारत उभी राहिली सव्वीस महिन्यांनी! गावात अर्थातच कुजबुज झाली की कोणी तरी पैसे खाल्ले. आम्ही सगळे कागद काढून बसलो, तेव्हा आढळले ते निराळेच. कोणीही खोटे बोलले नव्हते. मिस्त्रीने चार दिवसांच्या कामाला आठ दिवस मागितले होते, कारण चार सांगितले तर लोक तीनच देतात हा त्याचा अनुभव. आठ मिळाल्यावर त्याने पहिले चार दिवस दुसऱ्याच्या कामावर घालवले. पाचव्या दिवशी तो आला, तर सेंट्रिंगच्या फळ्या आलेल्या नव्हत्या. पितृपक्षात स्लॅब टाकू नये असे दोघा सभासदांचे म्हणणे पडले. गावच्या जत्रेला बिगारी गेले ते पंधरा दिवसांनी उगवले. एकदा गिलावा ठरल्यापेक्षा सहा दिवस आधी उरकला. पण सुताराला कोणी कळवलेच नाही, त्यामुळे ते वाचलेले सहा दिवस कोणाच्याच उपयोगी पडले नाहीत. शिवाय जिना दोनदा हलवण्यात आला. तो हलवण्याचा ठराव ज्यांनी मांडला, त्यांत आम्हीही होतो.

उशीर झाला की तो पुढच्या कामाकडे जातो. वेळ वाचला तर तो मात्र जागच्या जागी जिरतो. कोणत्याही वेळापत्रकाचे हे पहिले दुखणे होय. दिलेला वेळ पुरा भरेपर्यंत काम फुगत जाते, असे सी. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज लेखकाने 1955 साली थट्टेच्या सुरात लिहिले आणि त्यास लोक पुढे 'पार्किन्सनचा नियम' म्हणू लागले. थट्टा खरी, परंतु आमच्या मिस्त्रीला ती तंतोतंत लागू पडते.

दुसरे दुखणे याहून खोल आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली असे मांडले की, माणूस आपल्या कामाचा अंदाज बांधताना त्या कामाकडे आतून पाहतो. पायऱ्या मोजतो, प्रत्येकीला दिवस लावतो आणि बेरीज करतो. अशाच कामांना इतरांना किती दिवस लागले, हे तो विचारीत नाही. स्वतःचे मागचे अनुभवही तो बाजूस सारतो, कारण मागच्या वेळी पाऊस आला होता, त्याच्या आदल्या वेळी सुतार आजारी होता, आणि या वेळी तसे काही होणार नाही, अशी त्याची खात्री असते. पुढे 1994 साली कॅनडातील संशोधकांनी विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध केव्हा पुरा होईल ते विचारले. सरासरी अंदाज सुमारे 34 दिवसांचा आला. सगळे काही बिघडलेच तर किती लागतील, या प्रश्नाला उत्तर आले सुमारे 49 दिवस. प्रत्यक्षात लागले 55 हून अधिक. म्हणजे माणसाची वाईटात वाईट कल्पनादेखील वस्तुस्थितीपेक्षा गोडच असते! सिडनीचे प्रख्यात संगीतगृह 1963 साली पुरे व्हायचे होते, ते 1973 साली झाले. आमचे वाचनालय निदान त्या पंक्तीत तरी बसले.

इथवर गोष्ट एकेका माणसाच्या मनाची झाली. परंतु हजारो माणसे जेव्हा एकाच वेळापत्रकात गुंतलेली असतात, तेव्हा प्रत्येकाचे वागणे दुसऱ्याच्या वागण्यावर अवलंबून राहते आणि खरा गुंता तेथे सुरू होतो. याचे आम्हांस माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण आपल्या दारावरून वाहते. ते म्हणजे नीरा डावा कालवा.

1876-77 च्या भीषण दुष्काळानंतर हा कालवा हाती घेण्यात आला. भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरला धरण बांधले गेले, आणि 1885 च्या सुमारास कालव्यातून पाणी सुटू लागले. त्या काळच्या इंग्रज अभियंत्यांचा हिशेब साधा व सरळ होता. बारामती आणि इंदापूर हा अवर्षणाचा पट्टा. येथे ज्वारी-बाजरी होते व दर काही वर्षांनी बुडते. तेव्हा पाणी लांबवर, थोडे थोडे पसरावे, म्हणजे शेतकरी ते आनंदाने घेईल, दुष्काळ टळेल आणि पाणीपट्टीतून खर्चही निघेल. हिशेबात पाण्याची पातळी होती, उतार होता, बाष्पीभवन होते. शेतकरी काय करील, एवढेच तेवढे नव्हते.

शेतकऱ्याने काय केले? पाऊस बरा झाला त्या वर्षी त्याने पाण्याचा अर्जच केला नाही. काळ्या जमिनीत ओल टिकते, मग फुकटच्या पावसावर येणाऱ्या ज्वारीला पट्टी भरून पाणी कशाला? आणि पाऊस हुकला त्या वर्षी सगळेच्या सगळे एकाच आठवड्यात पाणी मागू लागले. म्हणजे एका वर्षी कालवा भरलेला नि गिऱ्हाईक नाही. दुसऱ्या वर्षी गिऱ्हाईकांची रीघ आणि पाणी अपुरे. शेतकरी अडाणी होता म्हणून हे झाले नाही. त्याच्या बाजूने पाहिले तर तो पूर्ण शहाणपणानेच वागत होता.

बारमाही पाणी नियमाने घेणारा एकच वर्ग निघाला, तो ऊस करणाऱ्यांचा. सासवडकडची माळी मंडळी कालव्याच्या काठी आली, त्यांनी जमिनी खंडाने घेतल्या, पेंड-खत ओतून ऊस पिकवला व गूळ केला. सरकारचा महसूल वाढला. पण जे पाणी मैलोगणती पसरायचे होते, ते कालव्याच्या वरच्या भागातच मुरू लागले. दुष्काळासाठी काढलेला कालवा उसाचा झाला.

विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी या प्रश्नाला एका माणसाने हात घातला. ते म्हणजे मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यातील अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांची 'ब्लॉक पद्धत' पुढे प्रसिद्ध झाली. तिचा गाभा असा की, पाणी गावोगाव विखरून द्यावयाचे नाही. ठरावीक गटांना, ठरावीक वर्षांसाठी, हमीने द्यावयाचे. गटातील साधारण एक-तृतीयांश जमिनीत ऊस आणि उरलेल्यात भुसार पिके, आणि ही वाटणी फेरपालटाने फिरत राहावयाची. हिशेबाच्या जोडीला यात मनाची पारख होती, असे आम्हांस वाटते. ज्याला उद्याची खात्री आहे तो आज कमी घेतो, हे विश्वेश्वरय्यांनी ओळखले होते.

तथापि खात्री ही कागदावर लिहून होत नाही. ती दर पाळीला नव्याने सिद्ध व्हावी लागते. आजच्या शेजपाळीचे उदाहरण घेऊ, म्हणजे हे नीट ध्यानात येईल. पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या सुमारास धरणात साठा किती आहे ते पाहून रब्बीचा कार्यक्रम ठरतो. कालवा सल्लागार समितीची बैठक होते. शेतकरी सात नंबरचा अर्ज भरतात. मग आवर्तन सुटते आणि शेजाऱ्यापाठोपाठ शेजारी, शेपटाकडून मुखाकडे, पाणी यावे असा दंडक आहे. समजा, एका चारीवर तीस खातेदार आहेत आणि प्रत्येकाला बारा तास पाणी आहे. पंधरा दिवसांत पाळी पुरी झाली पाहिजे. आता प्रत्येकाच्या मनात असा विचार येतो: पुढचे आवर्तन एकवीस दिवसांनी म्हणतात खरे, पण गेल्या साली ते पस्तीस दिवसांनी आले, तेव्हा आज रान जरा जास्तच भिजवून ठेवू. तो फक्त तीन तास जादा घेतो. तीस जणांचे नव्वद तास झाले, म्हणजे जवळजवळ चार दिवस. पाळी लांबली. पुढचे आवर्तन उशिरा आले. झाले! ज्याने जादा पाणी घेतले त्याचा अंदाज खरा ठरला, आणि ज्याने घेतले नाही तो मूर्ख ठरला. पुढच्या पाळीला तोही चार तास जादा घेतो.

हे चक्र एकदा फिरू लागले की त्याला कोणा एकाची लबाडी लागत नाही. उशीर होईल ही भीतीच उशीर घडवून आणते. अधिकारी मग आपल्या कार्यक्रमात आधीच चार दिवस धरून ठेवतो. ते चार दिवस आहेत हे शेतकऱ्याला ठाऊक असते, म्हणून तो आणखी ऐसपैस होतो. शेपटाचा दंडक मोडतो, रात्री दारे वर होते, सायफन पडतात. इंदापूरकडच्या शेवटच्या चारीवरचा खातेदार पाण्याची वाट पाहणे सोडून देतो आणि विहीर पाडतो. विहिरीला पाणी लागते ते बहुधा कालव्याच्याच पाझराचे, हा त्यातला विनोद.

याची किंमत फक्त खालच्यानेच दिली असे मात्र नाही. वरच्यानेही दिली. हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे या शेतकी खात्यातील शास्त्रज्ञांनी 1910 साली नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. कालवा सुरू होऊन पुरती पंचवीस वर्षेही लोटली असतील-नसतील, तोच जमिनीत पाणी साचून क्षार वर येऊ लागले होते. ज्या रानाला भीतीपोटी दुप्पट पाणी पाजले, तेच रान पांढरे पडले. आजही या पट्ट्यात निचऱ्याचे चर काढावे लागतात, ते याच हिशेबाचे व्याज होय.

कालव्यामागून साखर आली. 1930 च्या दशकात इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंदनगर वसले. पुढे 1950 च्या दशकात माळेगाव आणि भवानीनगर, 1960 च्या दशकाच्या आरंभी सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले. बाहेरचा माणूस कारखान्याकडे पाहतो तेव्हा त्याला धुराडे आणि यंत्रे दिसतात. परंतु आम्हांस विचाराल तर साखर कारखान्यातील सर्वांत अवघड यंत्र शेतकी विभागाच्या टेबलावर असते. ते म्हणजे तोडणी कार्यक्रम.

त्याचे अवघडपण समजून घेण्यासारखे आहे. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टला लावतात, तो सोळा-अठरा महिन्यांनी पक्व होतो. पूर्वहंगामी चौदा-पंधरा महिन्यांनी, सुरू बारा महिन्यांनी, खोडवा त्याहून थोडा आधी. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने 1996 साली दिलेला को 86032, ज्याला आपल्याकडे 'नीरा' हेच नाव आहे, त्याचीही पक्वतेची एक वेळ आहे. त्या वेळेआधी तोडला तर साखर भरलेली नसते. वेळ टळली तर तुरा येतो, ऊस पोकळ पडतो, वजन घटते. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा हे उत्तम. आणि कारखान्याची भूक रोजची ठरलेली. समजा, दिवसाला पाच हजार टन गाळणारा कारखाना आहे आणि क्षेत्रात आठ लाख टन ऊस उभा आहे. एकशे साठ दिवस लागणार. एक नोव्हेंबरला गव्हाणीत मोळी पडली तरी एप्रिलचा पहिला आठवडा ओलांडतो. कोणाचा तरी ऊस नोव्हेंबरात जाणार आणि कोणाचा तरी एप्रिलच्या उन्हात. प्रत्येकाला मात्र आपला ऊस डिसेंबर-जानेवारीतच जावा असे वाटते. रान मोकळे होऊन गहू-हरभरा घेता येतो, खोडवा चांगला फुटतो, सोसायटीचे कर्ज वळते होते.

यावर तोड म्हणून नियम काढला गेला की, ज्याची लागण आधी त्याची तोड आधी. याहून न्याय्य नियम आम्हांस सुचत नाही. परंतु नियम झाला त्याच दिवशी लागणीची तारीख ही शेतातील घटना राहिली नाही, ती एक मोलाची वस्तू झाली. ऑगस्टच्या वीस तारखेची लागण वहीत एक तारखेला पडू लागली. नोंद घेणारा मुलगा गावचाच, मामाला नाही कसा म्हणणार? शंभरातल्या दहांनी तारीख मागे ओढली, तर उरलेले नव्वद मागे ढकलले जातात. मग तेही ओढू लागतात. काही वर्षांनी वहीत पहिल्या पंधरवड्यात एवढी लागण दिसू लागते की तेवढे बेणे तरी तालुक्यात होते का, असा प्रश्न पडावा. दुसरा प्रकार दुबार नोंदीचा. एकच ऊस दोन कारखान्यांकडे नोंदवून ठेवायचा, जो आधी तोड देईल त्याचा. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो विमा आहे. पण त्यामुळे दोन्ही कारखान्यांच्या वहीत तोच ऊस उभा राहतो, दोघेही त्या हिशेबाने टोळ्यांना उचल देऊन बसतात आणि हंगामाच्या अखेरीस ऊस सापडत नाही. 2021-22 साली याच्या नेमके उलट झाले. ऊस अंदाजाबाहेर वाढला, महाराष्ट्रातील गाळप जूनपर्यंत लांबले, आणि मराठवाड्यात तर शेतकरी उभ्या उसाकडे हताशपणे पाहत राहिले.

सर्वांत विलक्षण प्रकार जळिताचा. जळालेला ऊस लवकर गाळावाच लागतो, नाही तर तो वाया जातो. म्हणून कारखाना त्याला रांगेबाहेर अग्रक्रम देतो आणि दंड म्हणून भावात काही कपात करतो. नियम विजेच्या तारेने लागलेल्या आगीसाठी होता. परंतु मार्च उजाडला, तोड लागत नाही, ऊन वाढत चालले, की माणूस हिशेब करतो: कपात परवडेल, उभा ऊस वाळलेला परवडणार नाही. आणि एका रात्री स्वतःच्या हाताने स्वतःचा फड पेटवतो. अठरा महिने पोटच्या पोरासारखे वाढवलेले पीक रांगेत पुढे जाण्यासाठी जाळावे लागते! हे दृश्य ज्याने एकदा पाहिले, तो पुन्हा वेळापत्रकाला कोरडा कागद म्हणणार नाही.

आता रांगेच्या दुसऱ्या टोकाला पाहू. ऊस तोडणारा बीडकडून, अहिल्यानगरच्या कोरडवाहू तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर येतो. नवराबायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, मजुरी टनावर. साहजिकच सरळ, जाड, रस्त्याकडेचा ऊस त्याला हवा असतो. लोळलेला, आडरानातला नको असतो. शेतकरी मग 'खुशाली' देतो, आणि ती देणाऱ्याच्या फडात टोळी आधी शिरते. कार्यक्रम पुन्हा एकदा मोडला. तोडकऱ्याला यात दोष देणे फार सोपे आहे. पण त्याच्या वेळापत्रकात विश्रांतीला जागाच ठेवलेली नसते, हे किती जणांना ठाऊक आहे? दिवस चुकला तर 'खाडा' धरतात आणि त्याचे पैसे कापले जातात. मासिक पाळीत, गरोदरपणात बाईला कोयता खाली ठेवता येत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण फार आहे अशी ओरड झाली, तेव्हा 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. ब्याऐंशी हजारांवर स्त्रियांची पाहणी झाली. त्यांत तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची ती शस्त्रक्रिया झालेली आढळली. कारणे अनेक आहेत आणि त्यांत वैद्यकीय व्यवसायाचाही भाग आहे. तथापि, एकही दिवस सुटीचा न धरणारे वेळापत्रक शेवटी कोणाच्या शरीरातून वसूल होते, हे त्या आकड्यात दिसते. आपल्या चहातील साखरेचा संबंध तिथपर्यंत पोहोचतो.

अलीकडे यंत्रांची मोठी मदत झाली आहे. लागणीची नोंद शेतात उभे राहून मोबाइलवरून अक्षांश-रेखांशासह घेता येते, त्यामुळे तारीख ओढणे अवघड झाले. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला आहे. जमिनीतील ओल, हवामान, उपग्रहाची छायाचित्रे यांवरून पिकाला केव्हा काय हवे ते सांगितले जाते. हे स्वागतार्हच आहे. पिकाचा अंदाज यंत्र आपल्यापेक्षा बरा बांधील. मामाला नाही कसे म्हणावे, हे मात्र अजून त्याला कोणी विचारलेले नाही.

मोठ्या प्रकल्पांची कथा थोडक्यातच सांगतो, कारण ती याच जातीची आहे. उजनी धरण 1980 साली पुरे झाले, इंदापूर तालुक्यातील कितीतरी गावे पाण्याखाली गेली. पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ आजही वर येते. आराखड्यात माणसे एका नकाशावरून उचलून दुसऱ्यावर ठेवलेली होती. पण कित्येक जण पाण्याच्या काठालाच राहिले. त्यांनी उपसा करून ऊस केला, पाणी ओसरेल तशी उघडी पडणारी गाळाची जमीन कसली, होड्या घेतल्या, आणि भिगवण मासळीच्या बाजारासाठी ओळखले जाऊ लागले. आराखडा करणाऱ्यांना यातले काहीही दिसले नव्हते. बारामती-लोणंद रेल्वेमार्ग 1997-98 साली मंजूर झाला. त्यातला लोणंद-फलटण हा तुकडा 2019 साली सुरू झाला. रूळ टाकायला एवढी वर्षे लागत नाहीत. जमीन मिळायला लागतात, आणि जमीन म्हणजे पुन्हा माणूस. कोणत्याही प्रकल्पाची आखणी झाली, दगड रोवले गेले, की त्या रानात रातोरात आंब्याची कलमे उभी राहतात, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

मग वेळेवर काहीच होत नाही की काय? होते, आणि तेही आपल्याच रस्त्यावरून जाते. तुकोबांची पालखी देहूहून निघते, उंडवडीवरून बारामतीला येते, काटेवाडीला धोतरांच्या पायघड्यांवरून चालते, तेथे मेंढ्यांचे रिंगण होते, मग सणसर, बेलवाडीचे गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर आणि पुढे सराटीला नीरा ओलांडून अकलूज. लाखांनी माणसे, त्यांत म्हातारी, अनवाणी, आजारी, वरून पाऊस, आणि आषाढी एकादशीला पंढरपूर चुकत नाही. 'गँट तक्ता' किंवा अमेरिकी आरमाराने 1958 साली काढलेली 'पर्ट' पद्धत तेथे कोणी पाहिलेली नाही.

हे भक्तीमुळे होते असे म्हणून आपण सुटू शकतो. परंतु जरा बारकाईने पाहिले तर त्यात आखणीही मोठी कसबाची आहे. पहिली गोष्ट, लग्नासारखीच: शेवटची तिथी हलत नाही, आणि हिशेब तेथून मागे मोजलेला असतो. काही कमी पडले तर कीर्तन थोडे आवरते घेतील, मुक्काम उशिरा गाठतील, पण एकादशी पुढे ढकलण्याचा ठराव मांडायला तेथे इमारत समिती नसते. दुसरी गोष्ट, दिंड्यांना क्रम आहे आणि तो सर्वांना ठाऊक आहे. रथापुढे किती, रथामागे किती, कोणाचा नंबर कितवा, हे वर्षानुवर्षे ठरलेले असते. पुढे घुसायला खुशाली देऊन उपयोग नाही, कारण पुढे जाऊन मिळवायचे काहीच नसते. आणि तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. वारीत मुक्कामांच्या मध्ये 'विसावे' आहेत. हा राखीव वेळ आहे, पण तो आमच्या मिस्त्रीसारखा कोणी आपल्या खिशात लपवून ठेवलेला नाही. तो सर्वांचा आहे, उघड आहे आणि मागे पडलेल्याला गाठ घेता यावी म्हणून आहे. इस्राएलमधील एलियाहू गोल्डरॅट या गृहस्थांनी 1997 साली प्रकल्पांवर पुस्तक लिहून जवळपास हेच सांगितले की, प्रत्येकाने आपापल्या कामात चोरून दिवस धरू नयेत. ते काढून सर्वांचे मिळून एका ठिकाणी उघडे ठेवावेत.

कालव्याला आणि कारखान्याला वारीसारखे करता येईल असे आमचे म्हणणे नाही. पंढरीला सर्वांना एकाच वेळी पोहोचता येते. गव्हाणीत एका वेळी एकाच फडाचा ऊस पडतो. पण काही गोष्टी उसन्या घेण्यासारख्या आहेत. आवर्तनाच्या कार्यक्रमात राखीव दिवस असतील तर ते फलकावर लिहावेत, म्हणजे शेपटाच्या माणसाला आपल्यासाठी काय शिल्लक आहे ते दिसेल. तोडीची यादी रोज चावडीवर लागावी. शेवटी तोड मिळणाऱ्याला उन्हातल्या घटीची भरपाई ठरावीक दराने मिळावी, म्हणजे काडी ओढण्याचे कारण उरणार नाही. काही कारखाने हंगामाच्या अखेरीस येणाऱ्या उसाला टनामागे जादा रक्कम देतात, ती रीत वाढण्यासारखी आहे. आणि तोडकरी बाईच्या महिन्यातील दोन-चार दिवस खाड्याविना धरून हंगामाची बेरीज करावी. एकशे साठ दिवसांचे एकशे सत्तर होतील. ते तसेही होतातच.

आमच्या वाचनालयाला आता दुसरा मजला घालायचे ठरले आहे. मिस्त्रीने या खेपेला दहा महिने सांगितले. आम्ही त्याच्याशी वाद घातला नाही. आसपासच्या गावांत अलीकडे झालेल्या चार इमारतींचे कागद मागवले आणि कोणाला प्रत्यक्षात किती लागले ते मांडले. एकोणीस, बावीस, अठरा आणि तेवीस महिने. समितीने वीस महिने लिहिले आहेत. जिन्याची जागा इतिवृत्तात नोंदवून त्यावर सर्वांच्या सह्या घेतल्या आहेत, आमचीही.